वर्ग सुटला की लगेच घरी पळू नकोस

सलाम भावा. तुझा प्रश्न दोनदा वाचला. नगरहून आईवडिलांबरोबर ग्रीन कार्डावर सॅन होजेला येऊन तुला दीड वर्ष झालं, बारावी कॉमर्स नगरलाच झाली, आणि आता कम्युनिटी कॉलेजचा (डिग्रीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या इथल्या सरकारी कॉलेजचा) पहिला आठवडा संपलाय. एकाही मुलाशी पाच वाक्यांपलीकडे बोलणं झालेलं नाही. पप्पांना वाटतं, कुठेच नंबर न लागलेल्यांचं हे कॉलेज. चर्चमधले म्हणतात सेवेला ये. कॅम्पसवर बायबल स्टडीवाल्यांनी तुझा नंबर घेऊन ठेवलाय. आणि तू विचारतोस, व्हॉलंटिअरिंगचे किती तास भरले म्हणजे पुढे मोठ्या विद्यापीठात ट्रान्सफरला उपयोग होतो. सगळ्यात शेवटी हळूच एक ओळ: ‘ताई, आपण ख्रिस्ती आहोत हे सांगायचं का?’

मीही नगरचीच. २००८ मध्ये याच भागातल्या एका कम्युनिटी कॉलेजात पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा सलवार-कमीज घालून, पाठीला नवी बॅग लावून, वर्ग सुरू व्हायच्या पाऊण तास आधी जाऊन बसले होते. शेजारी रात्रपाळी करून आलेला एक मुलगा डोकं टेबलावर टेकून झोपला होता, आणि पुढच्या बाकावर माझ्या आजीच्या वयाच्या एक व्हिएतनामी बाई. मला वाटलं, चुकीच्या खोलीत आले.

आधी पप्पांचं बघू, कारण ते सोपं आहे. त्यांना आकडे दाखव. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटची (आठवड्याला वर्गातला साधारण एक तास) फी ४६ डॉलर. १२ युनिट म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थी, त्याचे झाले ५५२. तुम्हाला इथे येऊन वर्षाच्या वर झालंय, त्यामुळे रहिवासी म्हणूनच फी लागायला हवी. बिलावर भलताच मोठा आकडा दिसला तर गप्प भरू नका, ॲडमिशनच्या खिडकीवर कागद घेऊन जा. फाफ्साचा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा, फॉर्म भरला नसशील तर आज रात्रीच भर. ग्रीन कार्डवाल्यांना तो चालतो, आणि पहिल्यांदा कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांची पहिली दोन वर्षांची ही फीसुद्धा बरीच कॉलेजं माफ करतात. दोन वर्षांनी सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीला किंवा यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) गेलास की डिग्रीवर नाव त्यांचंच येतं. यूसीच्या पदवी शिकवणाऱ्या नऊपैकी सहा कॅम्पस तर ठरलेले विषय आणि मार्क असतील तर प्रवेशाची हमीच देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो त्यात नाहीत. या हमीचा अर्ज आदल्या सप्टेंबरातच करायचा असतो, ती तारीख बरेच जण हुकवतात. आणि ‘कुठेच न लागलेल्यांचं’ म्हणाल, तर या कॉलेजांची सुरुवातच मुळी १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावात सहा मुलांवर झाली. गाव न सोडता पहिली दोन वर्षं शिकता यावीत, एवढीच गरज होती. नगर सोडून पुण्याला खोली घेऊन राहणं ज्यांना परवडत नाही, त्यांचं दुःख पप्पांना मी सांगायला नको.

आता माणसांचं. तू लिहितोस, ‘इथे सगळे आपल्यातच असतात.’ तसं नाही रे. इथे सगळे पार्किंग लॉटमध्ये असतात. हॉस्टेल नाही, मेस नाही, कट्टा नाही. वर्ग सुटला की कोणी स्टारबक्सच्या शिफ्टला, कोणी मुलाला पाळणाघरातून आणायला, कोणी वडिलांच्या ट्रकवर मदतीला. तुला टाळत नाहीयेत, त्यांना खरंच वेळ नाही. त्यामुळे नगर कॉलेजसारखी दोस्ती आपोआप होईल अशी वाट बघत बसलास तर सेमिस्टर संपेल.

मला हे कळायला पूर्ण एक सेमिस्टर लागलं. पप्पा गेटवर गाडी घेऊन उभे, म्हणून मी वर्ग सुटला की पळत सुटायचे. दुसऱ्या सेमिस्टरला पप्पांची पाळी बदलली आणि मला नाइलाजाने दोन तास कॅम्पसवर थांबावं लागलं. कुठे बसायचं म्हणून ट्युटरिंग सेंटरमध्ये बसले. अकाउंटिंगचा गृहपाठ करत होते, शेजारच्या मुलीने विचारलं, ‘हे डेप्रिसिएशन तुला कळलंय का?’ बस. आज तिची मुलगी मला मावशी म्हणते, आणि अस्सल मराठीत म्हणते.

म्हणून तुझ्या सगळ्या प्रश्नांवर माझं एकच म्हणणं आहे: थांब. वर्ग सुटल्यावर रोज एक तास, त्याच जागी, त्याच टेबलावर. सरांचे ऑफिस अवर्स (विद्यार्थ्यांना भेटायची ठरलेली वेळ) असतात तेव्हा दारात उभा राहा. इथे त्याला कोणी चमचेगिरी म्हणत नाही, उलट कोणी येत नाही म्हणून ते बिचारे ईमेल वाचत बसलेले असतात. आणि ते ‘मला पहिल्या नावाने हाक मार’ म्हणाले तर जीभ अडखळेल, माझी वर्षभर अडखळली. ‘प्रोफेसर’ म्हण, चालतं.

एक धोक्याची सूचना मध्येच देते, नाहीतर विसरेन. पहिले दोन आठवडे एकही तास चुकवू नकोस. पहिल्या दिवशी न आलेल्याला इथे सरळ काढून टाकू शकतात आणि वेटलिस्टवरच्याला जागा देतात. एखादा विषय झेपणार नाही असं वाटलं, तर फी परत मिळण्याची आणि शेरा न लागता विषय सोडण्याची शेवटची तारीख कॉलेजच्या कॅलेंडरवर आजच शोध. त्यानंतर सोडलास तर ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे मार्कांच्या कागदावर, ‘डब्ल्यू’ (विषय सोडला) बसतो, आणि नुसतं जाणं बंद केलंस तर थेट ‘एफ’ (नापास) बसू शकतो. आपल्याकडे परीक्षेला बसलो नाही तर फक्त ‘गैरहजर’. इथे तसं नसतं.

बरं, ‘सांगायचं का’. सांगायचं, पण विचारलं तर, आणि सहज. तू भारतीय, त्यात गायकवाड-साळवे-शिंदे छापाचं आपलं आडनाव, म्हणजे समोरचा तुला हिंदू धरून चालणार. मग रविवारचं काही ठरत असेल आणि तू म्हणालास ‘दुपारनंतर, सकाळी चर्च असतं’, की हमखास प्रश्न येतो, ‘तू कधी कन्व्हर्ट झालास?’ मला पहिल्यांदा हा प्रश्न विचारला गेला तेव्हा राग आला होता. आता मजा येते. मी सांगते, बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाची मिशनरी माणसं १८३१ मध्ये आमच्या नगरला आली, पणजोबांच्या आधीपासून आम्ही चर्चला जातो, तुमचे आजोबा कुठे होते तेव्हा? सिंथिया फरारबाईंचंही सांगते. त्यांच्याकडे सावित्रीबाई फुले नगरला शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला आल्या होत्या, आणि ही बाई अमेरिकेतून गेलेली. ऐकणारे गप्प होतात. महाराष्ट्र मंडळातल्या काकूंचं मात्र वेगळं. ‘अय्या, तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलता!’ याला उत्तर नाही. दुसरी पुरणपोळी घ्यायची आणि पुढे सरकायचं.

बायबल स्टडीवाल्यांबद्दल. कॅम्पसवर ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे चांगले गट असतात, आणि सरकारी कॉलेज असलं तरी इतर क्लबांना जागा मिळते तशी त्यांनाही मिळावी, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्येच सांगितलंय. जरूर जा. पण गट आणि जाळं यांतला फरक ओळख. मला पहिल्याच महिन्यात दोन अतिशय गोड मुली भेटल्या होत्या. आधी आठवड्यातून एकदा अभ्यास, मग तीनदा, मग रोज. कोणत्या चर्चच्या ते विचारलं की विषय बदलायच्या. एक दिवस म्हणाल्या, ‘तुझ्या आईवडिलांचं चर्च खरं नाही, त्यांना यातलं काही सांगू नकोस.’ मी घरी येऊन मम्मीला सगळं सांगितलं. मम्मी आयुष्यात कधी इंग्रजीत भांडली नव्हती, त्या दिवशी फोनवर भांडली. तेव्हा तुझी चाळणी ही ठेव: त्यांचं चर्च कोणतं ते उघड सांगतात का, तू ‘या आठवड्यात परीक्षा आहे’ म्हणालास तर हसून सोडतात का, आणि घरच्यांपासून काही लपवायला सांगतात का.

आता व्हॉलंटिअरिंग. तासांचा हिशेब आधीच मोडते. सॅन होजे स्टेटच्या प्रवेशात अकाउंटिंगसाठी तुझे विषय आणि मार्क बघतात, तिथे निबंध नाही आणि सेवेचे तास विचारत नाहीत. यूसीच्या अर्जात उपक्रमांसाठी जागा असते आणि चार छोटे निबंध लिहावे लागतात, तिथे उपयोग होतो. पण ‘चारशे तास’ लिहिल्याने नाही, तिथे तुला काय दिसलं ते लिहिता आलं तर. त्यामुळे तास मोजू नकोस. एक जागा धर, एक शिफ्ट धर, आणि डिसेंबरपर्यंत ती सोडू नकोस. या शनिवारी फूड बँक (दान आलेलं अन्न गरजूंना वाटणारी संस्था), पुढच्या शनिवारी बीच सफाई, नंतर चर्चचा आउटरीच असं केलंस, तर प्रत्येक ठिकाणी तू ‘नवा मुलगा’च राहशील.

पहिल्या सेमिस्टरला मी तर फूड बँक म्हणेन. भाषा लागत नाही, हात लागतात. आपल्या भागात सेकंड हार्वेस्ट आहे, त्यांच्याकडे ऑनलाइन शिफ्ट बुक करता येते. काम काय? संत्र्यांचा, बटाट्यांचा डोंगर असतो. नासकं बाजूला, चांगलं पिशवीत, पिशवीचं वजन, पुढची पिशवी. दहा मिनिटांत शेजारचा बोलायला लागतो, कारण बटाट्यांशी किती वेळ बोलणार. माझं इंग्रजी वर्गात नाही, तिथे सुटलं.

या फूड बँकेची जन्मकथा तुझ्या पास्टरांनाही आवडेल. अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल नावाचा गृहस्थ चर्चच्या अन्नछत्रात फुकट राबायचा. तिथे त्याला एक आई भेटली. दुकानांच्या कचऱ्यातून चांगलं अन्न वेचून ती पोरं जगवत होती. तिचं म्हणणं असं की पैशाची बँक असते, तशी हे टाकून दिलेलं ठेवायची एक बँक हवी. सेंट मेरीज चर्चने त्याला एक रिकामी इमारत आणि ३,००० डॉलर दिले आणि १९६७ मध्ये जगातली पहिली फूड बँक उभी राहिली. पुढे १९९६ मध्ये अन्न दान करणाऱ्याला कोर्टकचेरीचं भय राहू नये म्हणून देशाचा कायदा झाला, त्याच्या नावातच ‘गुड समॅरिटन’ आहे. शब्बाथशाळेत (चर्चच्या रविवारच्या शाळेत) आपण बायबलमधला चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे याच गुड समॅरिटनचा, दाखला पाठ केला होता, तो इथे कायद्याच्या पुस्तकात सापडला तेव्हा मला भारी वाटलं होतं.

पण माझी एक चूक सांगते. नोव्हेंबरातली गोष्ट. पिशव्या भरायच्या ऐवजी त्या दिवशी मला वाटपाच्या रांगेवर उभं केलं होतं. मी उत्साहात प्रत्येकाला ‘गॉड ब्लेस यू’ म्हणत होते, आणि मैत्रिणीकडून स्वतःचा फोटोही काढून घेतला, मागे रांग. पाठवायचा होता नगरच्या चर्चच्या तरुण संघाला. रांगेत माझ्या स्टॅटिस्टिक्सच्या वर्गातला मुलगा होता. तो रांग सोडून गेला. पिशवी न घेता. आमच्या शिफ्टच्या बाईंनी मला बाजूला नेऊन फक्त फोटो पुसायला सांगितला, ओरडल्या नाहीत. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मी लहानपणापासून ऐकलेलं, आणि मी तर आख्ख्या तरुण संघाला कळवायला निघाले होते. सोमवारी वर्गात तो माझ्याकडे बघत नव्हता. मीही काही बोलले नाही. माफी मागितली असती तर रांगेचा विषय निघाला असता. आमची ओळख पुढे झालीच नाही.

पुढच्याच वर्षी पप्पांचे कामाचे तास अर्धे झाले आणि कॉलेजच्या मोफत अन्नाच्या पँट्रीतून दूध-अंडी घेणाऱ्यांत मी होते. म्हणून तुलाही सांगते, घरी ओढाताण असेल तर बेसिक नीड्स सेंटर (अन्नासारख्या मूलभूत गरजांना मदत करणारं केंद्र) शोध. २०२२ पासून राज्यातल्या प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात ते असणं कायद्याने बंधनकारक आहे. घेणारा आणि देणारा एकच माणूस असू शकतो, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा.

जानेवारीत मात्र जागा बदल, कारण तुला अकाउंटिंग करायचंय. आयआरएसचा, म्हणजे इथल्या इन्कम टॅक्स खात्याचा, ‘व्हीटा’ नावाचा कार्यक्रम आहे, कमी उत्पन्नवाल्यांचे टॅक्स रिटर्न स्वयंसेवक फुकट भरून देतात. प्रशिक्षण मोफत, परीक्षा ऑनलाइन, हंगाम साधारण जानेवारी अखेरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. पहिल्या वर्षी नुसतं कागद लावून द्यायचं आणि लोकांना बसवायचं काम मिळालं तरी घे. मी अजूनही दर वर्षी जाते. वर्गात ‘डिपेंडंट’ची (टॅक्स भरणाऱ्यावर अवलंबून असलेल्याची) व्याख्या पाठ करणं वेगळं, आणि तीन नातवंडं सांभाळणारी आजी समोर बसून ‘यातलं कोणतं माझ्या नावावर धरू?’ विचारते ते वेगळं.

आणि चर्चचं काय? १२ युनिट म्हणजे अभ्यास धरून आठवड्याला ३६ तास. शनिवार फूड बँकेचे तीन तास, रविवारी उपासना. त्याच्यावर पास्टरांनी शुक्रवारची प्रार्थनासभा, शनिवारचा आउटरीच आणि गायनमंडळाचा सराव सांगितला, तर त्यातलं एक घे आणि बाकीच्याला ‘डिसेंबरनंतर बघतो, पास्टर’ म्हण. त्यांना वाईट वाटणार नाही. वाटलंच तर मम्मीला पुढे कर.

शनिवारी जाताना चपला घालून जाऊ नकोस, आत सोडत नाहीत. बंद बूट लागतात. जुनेच घाल, संत्र्यांच्या रसाचे डाग निघत नाहीत.