बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मोठ्या भावाला प्रथमोपचार शिकवता येतील का?

नक्की येतील. तो मोठा माणूस आहे, तेव्हा बोबडं बोलून शिकवू नका. एका वेळी एकच गोष्ट घ्या आणि सांगण्यापेक्षा करून दाखवा.

आधी मदत बोलावणं. बंद मोबाइलवर १०८ दाबायचा सराव घ्या. घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा, म्हणजे तो बघून सांगता येतो.

मग रक्तस्राव. तुमच्या हातावर कुंकवाचं पाणी लावा, त्याला स्वच्छ फडका घट्ट दाबून धरायला लावा. फडका उचलून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो, तिथेच जास्त सराव हवा. हा सराव स्वयंपाकघरातच करा, कारण वर्गात जमलेलं घरी आठवेलच असं नाही.

भाजलं तर २० मिनिटं नळाखाली धरायचं. वेळेचा अंदाज येत नसेल तर मोबाइलवर गजर लावायला शिकवा. टूथपेस्ट अजिबात नको.

छातीदाब, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबत राहणं (सीपीआर), सरावाच्या पुतळ्यावर, प्रशिक्षकाकडूनच शिकवा. आठवड्याला थोडी उजळणी ठेवा, आणि खरा प्रसंग नाही, सराव आहे, हे दर वेळी आधी स्पष्ट सांगा. नाहीतर तो खरोखर घाबरेल.