नळीचं चिलखत निवडताना

गड्या, अवकाशयानावरच्या तोफेच्या नळीवर चिलखत म्हणून सरसकट टंगस्टन चढवू नकोस. ३४२२ अंश सेल्सिअसपर्यंत ते वितळत नाही हे खरं, पण घनता घनसेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, टायटॅनियमची ४.५, बोरॉन कार्बाइडची जेमतेम २.५. नळीच्या टोकाचं वजन फार महागात पडतं. तेवढंच वजन दुप्पट लांब गेलं की टरेट (तोफेचा फिरता बुरूज) वळवायला चौपट जड. म्हणून जाड थर बुडाशी, टोकाला पातळ.

लेझरचा मारा असेल तर मी ग्रॅफाइटच घेईन. ते वितळत नाही, थेट वाफ होतं आणि त्यात भरपूर उष्णता खर्ची पडते. बोरॉन कार्बाइड हलकं, कठीण, पण ठिसूळ.

परभणीत मे महिन्यात तापलेला पत्रा निदान रात्रीच्या वाऱ्यानं निवतो. अवकाशात वारं कुठलं? उष्णता फक्त प्रारणानं, म्हणजे किरणांच्या रूपानं जाते. टायटॅनियम नळीतली उष्णता फार हळू बाहेर येऊ देतं, तेव्हा भराभर गोळ्या झाडणाऱ्या तोफेवर त्याचं जाड आवरण नकोच.