सांगलीत बसून जिनिव्हातलं धोरण बदलतं का?

तुमचा प्रश्न: "मी सांगलीत एमएसडब्ल्यू करतेय. आरोग्याची जागतिक धोरणं जिनिव्हात आणि वॉशिंग्टनमध्ये ठरतात. त्यात स्वयंसेवी संस्थांचा, रुग्णांच्या गटांचा खरंच वाटा असतो, की त्यांना फोटोपुरतं बोलावतात?"

वाटा असतो. फोटोपुरतं बोलावणंही चालतं, ते मी पाहिलंय. पण आधी घरातलं सांगतो, म्हणजे मी हे का लिहितोय ते कळेल.

मी मिरजेचा. २०१३ साली माझ्या धाकट्या भावाला एमडीआर टीबी झाला, म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. तेव्हा उपचार दोन वर्षं चालायचे आणि त्यात सुरुवातीचे सहा-सात महिने जवळजवळ रोज केनामायसिनची सुई. टोचायला जागा उरायची नाही, आई रात्री फडक्याने शेकत बसायची. दिवसभर तोच घरी असायचा, म्हणून कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम त्याच्याकडे. एक दिवस डाळ करपल्याचा वास जिन्यापर्यंत आला, आम्ही धावत वर गेलो, तर हा कुकरपासून दोन हातांवर बसलेला. म्हणाला, "अजून एकपण शिट्टी झाली नाही." त्या सुईने कान जाऊ शकतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सुई चालू असताना मधूनमधून कान तपासायचे असतात, तेही झालं नाही. टीबी बरा झाला, ऐकू येणं परत आलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. टीबीच्या सुयांमुळे मुंबईत नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेत फुमेझा तिसिले या दोन तरुण मुलींचेही कान गेले. या सुयांऐवजी देता येणारी बेडाक्विलिन नावाची गोळी २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झाली होती, पण ती महाग होती आणि एकाच कंपनीच्या हातात होती. २०१८ मध्ये कमी केलेली किंमतसुद्धा सहा महिन्यांना ४०० डॉलर होती. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच औषधाच्या क्षाररूपावर, म्हणजे थोड्या बदललेल्या रासायनिक रूपावर, भारतात आणखी एक पेटंट मागितलं. ते मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. या दोघींनी २०१९ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयात त्याला हरकत घेतली. मेडिसाँ साँ फ्रोंतिए, म्हणजे सीमापार काम करणाऱ्या डॉक्टरांची संघटना, त्यांच्या पाठीशी होती. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. त्याच वर्षी जेनेरिक गोळ्या आल्या आणि गरीब देशांसाठी एकत्र खरेदी करणाऱ्या यंत्रणेला सहा महिन्यांचा डोस सुमारे १३० डॉलरला मिळू लागला. त्या गोळ्या भारतात बनतात आणि जगभर जातात.

हे जमलं कशामुळे, ते तुमच्या अभ्यासासाठी महत्त्वाचं आहे. आपल्या पेटंट कायद्यात मंजुरीआधी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. डॉक्टर किंवा वकील असण्याची अट नाही, कान गेलेली रुग्णही चालते. शिवाय कलम ३(ड) आहे: जुन्याच औषधाचं नवं रूप जास्त गुणकारी ठरत नसेल तर त्यावर पेटंट नाही. २००५ साली कायदा बदलला तेव्हा एचआयव्हीबाधितांचे गट, वकील, शास्त्रज्ञ आणि डाव्या पक्षांनी रेटा लावला, म्हणून असे बचाव कायद्यात राहिले. २०१३ मध्ये ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाचा खटला सर्वोच्च न्यायालयात याच कलमावर उभा राहिला आणि त्यात मुंबईची रुग्णांची संस्था पक्षकार होती. म्हणजे २०२३ चा निकाल अठरा वर्षांच्या चिकाटीवर उभा आहे. अशी चिकाटी कुठल्याच परिषदेच्या फोटोत दिसत नाही. मला तरी संस्थांचं खरं काम हेच वाटतं.

आता तुमच्या गावाचं. सांगलीत १९९२ पासून संग्राम ही संस्था काम करते. गोकुळनगर वस्तीतल्या वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायकांनी स्वतः एकमेकींना एड्सबद्दल सांगायचं, निरोध वाटायचे, दवाखान्यात सोबत जायचं, अशी ती रीत. त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, ती त्या बायकांची स्वतःची संघटना. २००३ च्या अमेरिकन कायद्याने अट घातली, की एड्ससाठी आमचा पैसा हवा तर वेश्याव्यवसायाला आमचा विरोध आहे असं लेखी द्या. ज्या बायकांच्या जोरावर काम उभं आहे त्यांच्याच विरोधात सही कशी करायची? संग्रामने सही केली नाही आणि २००५ मध्ये ते पैसे सोडले. त्याच वर्षी ब्राझीलने चार कोटी डॉलर नाकारले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट त्यांच्या देशातल्या संस्थांपुरती रद्द केली. २०२० मध्ये मात्र परदेशी संस्थांना ती सूट नाही असा निकाल दिला. म्हणजे सांगलीतल्या बाईला न्यूयॉर्कच्या संस्थेइतका हक्क नाही. समतेबद्दल बोलताना हे डोळ्यांआड करू नका.

दुसरीकडे, २०१३ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांसोबत एचआयव्हीचं काम कसं करायचं याची मार्गदर्शिका काढली. ती त्यांच्याच संघटनांच्या जागतिक जाळ्यासोबत बसून लिहिली आहे आणि काम त्यांच्याच हाती असावं असं ती सांगते. गोकुळनगरात त्याआधी वीसेक वर्षं तेच चाललं होतं.

सगळ्याच संस्था अशा नसतात. पैसे देणारा सांगेल ते तक्ते भरणाऱ्या भरपूर आहेत आणि निधी थांबला की त्या गावातून दिसेनाशा होतात. म्हणून संस्था पाहताना मी एकच विचारतो: ज्याला आजार झाला त्याला इथे नाही म्हणायचा अधिकार आहे का?

प्रकल्पासाठी जिनिव्हाचे अहवाल वाचा, पण आधी जिल्हा टीबी फोरमच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या टीबीच्या कामावर चर्चा करणाऱ्या समितीच्या, बैठकीत बसायला मिळतं का पाहा. त्यात टीबीतून बरे झालेले लोक असायलाच हवेत. इतिवृत्त मागा, ते काय बोलले आणि त्यातलं किती लिहिलं गेलं ते ताडून पाहा.

माझ्या भावाशी बोलायचं असेल तर इथेच कळवा. फोन नको, घरी या. समोर उजेडात बसून सावकाश बोललात तर त्याला ओठांवरून बरंचसं कळतं.