वाचक विचारतात : निवडून आल्यावर मतदार यादी सुधारता येते का?

प्रश्न : आमचे गाव बीड जिल्ह्यात आहे. दसरा-दिवाळी झाली की आमच्या वस्तीतील बहुतेक घरे ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच, परततात. मागच्या निवडणुकीत यातील अनेकांची नावे यादीत सापडली नाहीत. काही सुनांची नावे अजून माहेरीच आहेत, तर काहींच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडून नाव कमी झाले आहे. मी २६ वर्षांची पदवीधर आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवून हे काम हाती घ्यावे, असे मनात आहे. सदस्य किंवा सरपंच झाल्यावर यादीत नावे घालण्याचा अधिकार मिळतो का? – एक वाचिका

उत्तर : असा अधिकार सदस्याला मिळत नाही आणि सरपंचालाही मिळत नाही. मतदार यादी भारत निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली मतदार नोंदणी अधिकारी तयार करतो. आपल्याकडे हा बहुधा प्रांत किंवा उपजिल्हाधिकारी असतो. तहसीलदार त्याचा सहायक असतो, आणि गावपातळीवर शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा तलाठी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून काम पाहतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुका संविधानाच्या अनुच्छेद २४३-के नुसार राज्य निवडणूक आयोग घेतो खरा, परंतु महाराष्ट्रात या आयोगाची स्वतःची वेगळी यादी नसते. विशिष्ट तारखेला अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घेऊन तो ती प्रभागांप्रमाणे विभागतो. प्रारूप प्रभाग यादीवर हरकती मागवल्या जातात, त्या वेळी प्रभाग चुकल्याची, लेखनिकाच्या चुकीची किंवा विधानसभेच्या यादीत असलेले नाव प्रभागात न आल्याची तक्रार करता येते. मूळ यादीतच नसलेले नाव त्या टप्प्यावर कोणीही घालू शकत नाही. गावात यादीचा विषय निघतो तो नेमका याच वेळी, म्हणजे वेळ निघून गेल्यावर.

तरीही निवडणूक लढवू नका, असे मी म्हणणार नाही. यादी ज्या कागदांच्या आधारे तयार होते, त्यातील पुष्कळसे कागद ग्रामपंचायतीच्या दप्तरात जन्म घेतात. गावातील जन्म-मृत्यूची नोंद ग्रामसेवकाकडे असते, विवाहनोंदणीही त्याच्याकडेच असते. घरांना क्रमांक ग्रामपंचायत देते आणि आकारणीची नोंदवही तीच ठेवते. वस्तीतील घरांना क्रमांक नसले किंवा एकाच क्रमांकावर चार खोपटी नोंदवलेली असली, की एकाच कुटुंबातील माणसे यादीच्या वेगवेगळ्या पानांवर विखुरतात आणि बीएलओला घर सापडत नाही. मृत्यूची नोंद वेळेवर न झाल्यामुळे गेलेल्यांची नावे वर्षानुवर्षे यादीत राहतात आणि पुढे त्यांच्याच आधारे बोगस मतदानाचे आरोप होतात. घरक्रमांक नीट लावून घेणे, नोंदी अद्ययावत ठेवायला लावणे आणि ग्रामसभेत यादीचे जाहीर वाचन घडवून आणणे ही सदस्याच्या आवाक्यातील कामे आहेत. त्यांत प्रसिद्धी फारशी मिळत नाही, म्हणूनच ती बहुधा कोणी करत नाही.

आता ऊसतोड कुटुंबांविषयी. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, नेहमीच्या निवासस्थानापासून तात्पुरते दूर राहिल्यामुळे कोणी तेथील रहिवासी नाही असे ठरत नाही. चार-सहा महिने कारखान्याच्या कार्यक्षेत्रात कोपी घालून राहणारे, पण घर, शाळा आणि रेशनकार्ड गावात असणारे कुटुंब गावचेच आहे. केवळ दाराला कुलूप दिसले म्हणून नाव कमी करणे कायद्याला धरून नाही. नाव वगळण्याआधी संबंधिताला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, असे कलम २२ सांगते. अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर कलम २४ नुसार जिल्हाधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अडचण अशी की यादीची वार्षिक पुनरीक्षण मोहीम बहुधा दिवाळीच्या आसपास सुरू होते, आणि तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडून गेलेल्या असतात. नोटीस बंद दारावर चिकटते, सुनावणीला कोणी येत नाही, आणि कागदोपत्री सारे नियमानुसार पार पडते.

यावरचा उपाय वेळेत आहे. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झाली का हे पाहण्याची तारीख, होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आहेत, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. म्हणजे वस्तीतील नव्या मुलामुलींचे नमुना ६ चे, म्हणजे नव्या नोंदणीचे, अर्ज मे ते सप्टेंबर या काळात, माणसे गावात असतानाच, भरून घेता येतात. वय आणि पत्ता यांचे कागद नसल्यास बीएलओने प्रत्यक्ष येऊन खात्री करायची असते. बेघर माणसाच्या बाबतीतही तो जिथे झोपतो तिथे रात्री जाऊन पडताळणी करावी, असा आयोगाचा नियम आहे. त्यामुळे ‘पुरावा आणा, मग पाहू’ एवढे सांगून तुम्हाला कोणी परत पाठवले, तर ते ऐकून घेऊ नका. अर्ज मात्र ज्याचा त्याने करायचा आहे. एकाच माणसाने आणलेले अर्जांचे गठ्ठे स्वीकारले जात नाहीत.

सुनांच्या बाबतीत होणारी चूक वेगळी आहे. माहेरी नोंद असलेल्या मुलीसाठी सासरी नव्याने नमुना ६ भरला जातो आणि तिचे नाव दोन्हीकडे राहते. १ ऑगस्ट २०२२ पासून पत्ता बदलण्यासाठी, तो दुसऱ्या मतदारसंघातला असला तरी, नमुना ८ भरायचा असतो. (ग्रामपंचायतीच्या आकारणी वहीलाही ‘नमुना ८’ म्हणतात, तहसिलीत जाताना हा घोळ होऊ देऊ नका.) नमुना ६ मध्ये ‘माझे नाव अन्यत्र नोंदलेले नाही’ असे घोषणापत्र असते आणि खोट्या घोषणेला कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ती सून काही गुन्हेगार नसते, पण अर्ज भरून देणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा भुर्दंड तिच्यावर पडू शकतो.

हे सारे काम पद नसतानाही करता येते, आणि माझे मत विचाराल तर ते उमेदवारी जाहीर करण्याआधीच सुरू करावे. कारण उमेदवार झाल्यावर आपण भरून दिलेल्या प्रत्येक अर्जाकडे गावातील दुसरा गट संशयाने पाहील, आणि त्यात त्याची चूक नसेल. विशेषतः नाव वगळण्याचा नमुना ७ आपल्या हातून विरोधकाच्या वस्तीतील माणसाविरुद्ध जाऊ नये. मृत व्यक्तीचे नाव कमी करायचे असेल तर तो अर्ज तिच्या घरच्यांकडूनच करून घ्यावा.

मतदानाच्या दिवशी टोळ्यांना गावी आणण्याचा मोह आपल्याला होईल, म्हणून त्याबद्दलही सांगतो. १५ जानेवारी २०२१ आणि १८ डिसेंबर २०२२ या दोन्ही तारखांना राज्यात हजारो ग्रामपंचायतींचे मतदान झाले, आणि दोन्ही वेळी गाळप हंगाम भरात होता. अशा वेळी उमेदवार गाडी पाठवतो, टोळीचा मुकादम माणसे मोजून देतो, आणि गाडीत बसलेल्याने कोणाला मत द्यायचे हे वाटेतच ठरते. विधानसभा आणि लोकसभेच्या निवडणुकीत मतदारांची ने-आण करण्यासाठी उमेदवाराने वाहन भाड्याने घेणे हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण ठरते. ग्रामपंचायतीतही आपण त्या वाटेने जाऊ नये. त्यापेक्षा निवडणुकीच्या तारखा हंगामाबाहेर ठेवाव्यात, असा ठराव ग्रामसभेत करून राज्य निवडणूक आयोगाकडे पाठवणे अधिक उपयोगाचे आहे. एक ठराव कोणी मनावर घेणार नाही, पण तालुक्यातील पन्नास गावांचे ठराव गेले तर दखल घ्यावी लागेल. परगावी राहून आपल्या मतदारसंघासाठी मत देता यावे, यासाठी केंद्रीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला होता, परंतु तो अद्याप वापरात आलेला नाही.

उमेदवारीच्या अटी थोडक्यात : वय २१ पूर्ण हवे, नाव त्याच गावाच्या यादीत हवे, ग्रामपंचायतीची थकबाकी आणि सरकारी जागेवर अतिक्रमण नको. राखीव जागेसाठी जात पडताळणीचे कागद आधीच काढून ठेवा. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते, आणि हरलेले उमेदवार नेमके हेच विसरतात.

प्रश्न : मी अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि अमेरिकेचा नागरिक आहे. येथील आपल्या लोकांत मतदार नोंदणीविषयी उदासीनता दिसते. टाउनशिप कौन्सिलची निवडणूक लढवून यात बदल करता येईल का? – एक वाचक, एडिसन

उत्तर : कौन्सिलकडे हा विषय फारसा येत नाही. भारताच्या अगदी उलट, न्यू जर्सीत मतदानाचे प्रशासन चालवणारे एक पदच निवडणुकीने भरले जाते, ते म्हणजे काउंटीचा (जिल्ह्यासारख्या विभागाचा) क्लार्क. त्याची मुदत पाच वर्षांची असते, आणि मतपत्रिकेची रचना, छपाई व टपाली मतपत्रिका पाठवणे ही कामे त्याच्याकडे असतात. नोंदणीचे दप्तर मात्र त्याच्याकडे नसते. ते काउंटीच्या निवडणूक मंडळाकडे किंवा काही काउंट्यांत अधीक्षकाकडे असते, आणि मंडळात दोन्ही प्रमुख पक्षांची माणसे नेमली जातात.

काउंटी क्लार्कचे पद किती वजनदार आहे, हे २०२४ मध्ये दिसले. पक्षाने पाठिंबा दिलेल्या सर्व उमेदवारांना मतपत्रिकेवर एकाच ओळीत मांडण्याच्या तेथील जुन्या प्रथेला सिनेटसाठी उभे असलेले डेमोक्रॅटिक पक्षाचे अँडी किम यांनी संघराज्य न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा प्रतिवादी होते ते काउंटी क्लार्कच. त्या मार्चमध्ये न्यायालयाने डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीसाठी ती मांडणी थांबवली. निवडून येणाऱ्या माणसाच्या हाती मतपत्रिका देण्यात काय धोका आहे, हे त्यातून कळते. आपल्याकडे हे काम संविधानाने पक्षांपासून दूर ठेवले याचे मला त्यामुळेच समाधान वाटते, जरी बीडच्या वाचिकेला त्याचा जाच होत असला तरी.

आपला हेतू नोंदणी वाढवण्याचाच असेल, तर पदाची वाट न पाहता काउंटीच्या निवडणूक मंडळाकडे मतदान केंद्रावरील कर्मचारी म्हणून नाव द्यावे. केंद्रावर आपली भाषा बोलणारे कोणी बसलेले दिसले की पहिल्यांदा मत द्यायला आलेले आजी-आजोबा बिचकत नाहीत. नोंदणीची अंतिम मुदत मतदानाच्या २१ दिवस आधी संपते. त्यामुळे तेथील महाराष्ट्र मंडळात अर्ज भरून घेण्याचे टेबल मांडायचे असेल तर ते गणेशोत्सवातच मांडावे. दिवाळीपर्यंत थांबलात, तर नोव्हेंबरच्या मतदानासाठी बहुधा उशीर झालेला असेल.