आई गेली, पण डोळ्यांत पाणी नाही

"आईला जाऊन तीन महिने झाले. मी अजून एकदाही रडले नाही. माझ्यात काही बिघडलंय का?"

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, बायकांनी आणि पुरुषांनीही. इथे सांगते ती चाळिशीतल्या एका बाईंची हकीकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आईचं आजारपण त्यांनीच काढलं होतं. औषधांच्या वेळा, रात्रीची जागरणं आणि नंतरची कागदपत्रंसुद्धा. धाकटा भाऊ मात्र रोज रडायचा. एकदा चिडून तो म्हणाला, "ताई, तू दगड आहेस. तुझा आईवर जीवच नव्हता." मावशीचं वेगळंच चाललेलं: "रडून मोकळी हो गं, नाहीतर आत साठेल आणि एक दिवस तुलाच बाधेल." भावाचं बोलणं त्यांच्या जिव्हारी लागलं होतंच, पण त्यांची झोप उडाली होती ती मावशीच्या बोलण्यानं. म्हणून मी तिथूनच सुरुवात केली.

उन्नी विकान या नॉर्वेच्या मानववंशशास्त्रज्ञांनी १९८८ साली दोन मुस्लिम समाजांच्या शोकाची तुलना प्रसिद्ध केली. एक इजिप्तमधला, दुसरा बाली बेटावरचा. धर्म एकच, पण इजिप्तमध्ये घरचे-शेजारचे दुखवट्यातल्या माणसाभोवती बसून त्याला आक्रोश करू देतात, स्वतःही रडतात, कारण दुःख कोंडलं की प्रकृती ढासळते अशी त्यांची खात्री. बालीत नेमकं उलटं. तिथे लोक शोकात असलेल्याला हसवतात, त्याची थट्टा करतात, कारण रडण्यानं माणूस खचतो, आजारी पडतो आणि त्याचं दुःख इतरांनाही लागतं, असं ते मानतात. धडपड मात्र दोन्हीकडे एकाच गोष्टीची: मागे राहिलेला माणूस जपायचा.

बाई जरा वेळानं म्हणाल्या, "म्हणजे माझी मावशी बालीत असती तर?"

"तर तिनं तुमच्या भावाला आवर घालायला सांगितलं असतं."

त्यावर त्या पहिल्यांदा मोकळेपणानं हसल्या, आणि लगेच अपराधी चेहऱ्यानं माझ्याकडे पाहू लागल्या. शोकात हसू आलं तरी माणसाला चोरट्यासारखं होतं, हे मी फार वेळा पाहते आणि दर वेळी मला वाईट वाटतं.

मावशीचा इशारा अनेकांना शास्त्रीय वाटतो. पण जॉर्ज बोनॅनो आणि नायजेल फील्ड या मानसशास्त्रज्ञांनी जोडीदार गमावलेल्यांचा ५ वर्षं मागोवा घेतला. २००१ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. सुरुवातीला फारसं दुःख न दिसलेल्यांमध्ये ते पुढे उफाळून आल्याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. दुःख कसं दाखवायचं ते रीत ठरवते. ते किती आहे, हे मात्र तिला मोजता येत नाही.

पण म्हणून मी त्यांना "काही झालेलं नाही" असं सांगून घरी पाठवलं नाही. झोप कशी आहे, जेवण जातं का, कामात लक्ष लागतं का, मैत्रिणींकडे जाता का, आईचं नाव निघालं की विषय बदलता का, हे सगळं विचारलं. झोप सोडली तर बाकीची घडी बसलेली होती. मग निघता निघता, आवाज खाली आणून त्यांनी एक गोष्ट सांगितली. रोज रात्री त्या आईचा चष्मा डबीतून काढतात, काचा पदराने पुसतात, दिवसभरात काय झालं ते त्याला सांगतात आणि डबी मिटतात. घरात कुणाला माहीत नाही. "वेड लागल्याचं लक्षण नाही ना हे?"

१९६९ साली टोकियोतल्या २० विधवांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचे नवरे मोटार अपघातात गेलेले. नवरा जवळपास असल्यासारखं त्यातल्या बहुतेकींना जाणवत होतं. बऱ्याच जपानी घरांत बुत्सुदान नावाचा देव्हारा असतो. तिथे उदबत्ती लावून गेलेल्या माणसाशी बोलणं ही रोजची गोष्ट, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचे तोराजा लोक तर अंत्यविधीची तयारी होईपर्यंत देह घरातच ठेवतात, कधी काही महिने, कधी काही वर्षंही, आणि तोवर त्या माणसाला मेलेला न म्हणता आजारी म्हणतात. हे ऐकल्यावर त्यांना आपला चष्मा लपवण्यासारखा वाटेना.

काळजी कधी करायची, हेही त्यांना स्पष्ट सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाच्या विकारासाठी किमान ६ महिन्यांची मर्यादा आहे, अमेरिकन मनोविकार नियमावलीच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी १२ महिन्यांची. सततची तीव्र ओढ, रोजचं जगणं ठप्प होणं, आणि हे सगळं त्या समाजाच्या रूढीपलीकडचं असणं, अशा अटी दोन्हींत आहेत. न रडणं या यादीत कुठेही नाही. आपणही गेलो तर बरं, असं मनात येऊ लागलं तर मात्र महिने मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.

पुढच्या भेटीला मी भावालाही बोलावलं. तो तणतणतच आला. ज्यू लोकांच्या शिवा या सात दिवसांच्या दुखवट्याविषयी मी दोघांना सांगितलं. भेटायला आलेल्यानं आपणहून बोलायला सुरुवात करायची नाही, शोकातला माणूस बोलेपर्यंत नुसतं शेजारी बसायचं, असा तिथला रिवाज आहे. भाऊ ऐकत होता. मग म्हणाला, "मला वाटलं, आईविना मी एकटाच झालोय. तू तर कामं उरकत सुटली होतीस." बाई म्हणाल्या, "अरे, कामं थांबली असती तर मी कोसळले असते."

मला वाटतं, दगड म्हणणाऱ्याचं खरं गाऱ्हाणं बहुधा हेच असतं: माझ्याजवळ बस.

दोघांनी ठरवलं की रविवारी संध्याकाळी भेटायचं. भावाला रडू आलं तर ताईनं समजूत घालायची नाही, आणि ताई रडली नाही तर भावानं हिशेब मागायचा नाही. राहिलेली कागदपत्रं यापुढे भावाकडे. मावशीला काय सांगायचं, यावर मात्र त्या दिवशी दोघांचं एकमत झालं नाही.