व्हायोलिनचा माइक अँपला लावला, आवाजच येईना!

प्रश्न : माझ्या व्हायोलिनला क्लिपचा छोटा कंडेन्सर माइक आहे, वायरच्या टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर. मित्राकडे इलेक्ट्रिक गिटारचा अँप होता, त्यात एक्सएलआर बसत नाही म्हणून एक्सएलआर टू जॅक केबल आणली आणि लावली तर काहीच नाही, त्याच अँपवर गिटार मात्र झकास वाजते. आधी एकदा मिक्सरला लावलेला तेव्हा आवाज आला होता, पण जरा वाढवला की कुंईऽऽ करून शिट्टी. माइक गेला का?

उत्तर : माइक ठणठणीत आहे, मिक्सरवर वाजला ना! तो फक्त उपाशी आहे. कंडेन्सर माइकला चालायला वीज लागते. मिक्सर ती त्याच केबलमधून पाठवतो, 48 व्होल्ट, त्यालाच फँटम पॉवर म्हणतात. गिटार अँपच्या जॅकमधून असलं काही येत नाही, आणि तुम्ही आणलेली केबल नुसतं टोक बदलते, वीज कुठून आणणार? (मी स्वतः एकदा अर्धा तास केबली बदलत बसलो होतो आणि मिक्सरवरचं फँटमचं बटणच दाबलेलं नव्हतं, त्यामुळे हसत नाहीये.)

मग मध्ये फँटम असलेला छोटा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा डबा) किंवा मिक्सर घ्या आणि त्याचा आउटपुट अँपला द्या. अँपला ऑक्स इन (बाहेरचं उपकरण जोडायची वेगळी खाच) असेल तर तिथेच द्या, गिटारच्या इनपुटमध्ये लाइनचा, म्हणजे आधीच मोठा केलेला, सिग्नल घुसवला की आवाज फाटतो. तरी खरं सांगू का, गिटार अँपच्या स्पीकरला ट्विटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) नसतो, साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर तो हातच टेकतो, त्यामुळे बो तारेवर घासल्याचा तो बारीक खरखरीतपणा जातो आणि व्हायोलिन घोंगडीखालून वाजल्यासारखं वाटतं. अकूस्टिक अँप मिळाला तर उत्तम, बऱ्याच मॉडेलांत एक्सएलआर, फँटम, ट्विटर सगळं असतं. ब्रिजला पिएझो पिकअप (माइकऐवजी लाकडाची थरथर पकडणारा सेन्सर) असलेल्यांचं गणित उलटं, त्यांना 1 मेगाओहम किंवा जास्त रोधाचा (इम्पीडन्सचा) इनपुट लागतो, मिक्सरच्या लाइन इनला थेट लावलं की आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो, मध्ये प्रीअँप नाहीतर डीआय बॉक्स (पिकअपचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा) हवा.

आता शिट्टी. माइक स्पीकरचा आवाज ऐकतो, तो परत स्पीकरमध्ये जातो आणि फिरत राहतो. गिटारवाल्यांचं बघून अँप पाठीमागे ठेवू नका, पुढे ठेवा, तोंड ऐकणाऱ्यांकडे, तुम्ही त्याच्या मागे. माइक तारांच्या जवळ आणा, 10 सेंटिमीटरवरून 5 वर आणला तर साधारण 6 डेसिबल फुकट मिळतात आणि तेवढा गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते) खाली घेता येतो, फक्त एफच्या आकाराच्या भोकावर थेट रोखू नका, घुमतो. लो कट (ठरावीक सुराखालचं सगळं कापणारा फिल्टर) 150 हर्ट्झला बिनधास्त लावा, व्हायोलिनची सगळ्यात खालची तारच 196 ला असते, जाणार काहीच नाही. फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण असेल तर दाबून बघा, कधीकधी तेवढ्यानेच शिट्टी गप्प होते. तरीही राहिली तर व्हॉल्यूम हळूहळू वाढवा, शिट्टी सुरू व्हायला लागली की इक्यूवर (वेगवेगळे सूर कमीजास्त करायच्या बटणांवर) तोच सूर शोधून तेवढाच खाली करा, सगळा ट्रेबल मारून टाकू नका.

आणि केबल लावताना-काढताना व्हॉल्यूम शून्यावर, फँटम बंद. नाहीतर असा ठप्पकन आवाज येतो की मित्र पुढच्या वेळी अँप देणार नाही.