वाचक विचारतात: उत्तर दिलं, पण थांबायचं कुठे?

पहलगामच्या बैसरनमध्ये 22 एप्रिल 2025 ला 26 जणांना मारलं, त्यातले सहा आपल्याकडचे, डोंबिवली, पुणे, पनवेलचे. नंतर 7 ते 10 मे भारत-पाकिस्तानात जे झालं त्याबद्दलची पत्रं अजून येतच असतात. नोव्हेंबरात दिल्लीला लाल किल्ल्याजवळ गाडीचा स्फोट झाला तेव्हा तर इनबॉक्स भरून गेला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, सात निवडलेत.

26/11 ला मुंबईत 166 माणसं गेली तरी आपण हल्ला केला नाही. मग 2016, 2019, 2025 ला लगेच कसा केला? आधीचे घाबरट होते का? (वाचक, नाशिक)

घाबरट वगैरे सोडा, ते टीव्हीवाल्यांसाठी ठेवू. कारण शोधायचं तर 26/11 च्याही मागे जावं लागतं, डिसेंबर 2001 मध्ये. 13 तारखेला संसदेवर हल्ला झाला आणि सरकारने अख्खं सैन्य सीमेवर न्यायचा हुकूम दिला, ऑपरेशन पराक्रम. आता गंमत बघा, आपले मारा करणारे कोअर, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या, तेव्हा अंबाला, मथुरा, भोपाळ अशा आतल्या ठिकाणी, रणगाडे रेल्वेने न्यायचे, तोफा न्यायच्या, दारूगोळा न्यायचा, तीनेक आठवडे यातच गेले. तोवर पाकिस्तानचं सैन्यही समोर येऊन बसलं, अमेरिकेचे फोन सुरू झाले, आणि 12 जानेवारी 2002 ला पाकिस्तानच्या मुशर्रफनी भाषण ठोकून लष्कर-ए-तैयबा, जैश या दहशतवादी संघटनांवर बंदी जाहीर केली. झालं, हल्ल्याचं निमित्तच गेलं. पुढे मे महिन्यात जम्मूजवळ कालूचकला सैनिकांच्या बायकामुलांना मारलं तेव्हा पुन्हा युद्धाच्या तोंडावर आलो आणि पुन्हा थांबलो. दहा महिने सैन्य तिथे बसून होतं, लढाई न होताच सुरुंग पेरताना-काढताना आणि अपघातांत आपले शेकडो जवान गेले.

तिथून लष्कराने धडा घेतला की मोठी जमवाजमव करायची नाही, छोटं आणि झटपट काहीतरी हाताशी पाहिजे. पण 2008 ला असं काही पूर्ण तयार नव्हतं, शिवाय जग आपल्या बाजूने होतं आणि कसाब जिवंत हातात होता. युद्ध केलं असतं तर चर्चा कराचीतल्या सूत्रधारांची न होता "दोन अणुदेश भांडतायत" अशी झाली असती. त्या वेळी तो निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

नंतरचा हिशोब मात्र नीट बघा. 2016 ला उरीच्या लष्करी तळावरच्या हल्ल्यानंतर 11 दिवसांनी सर्जिकल स्ट्राइक, नियंत्रण रेषेपलीकडे थोड्या अंतरावर, एका रात्रीत विषय संपला, पाकिस्तान म्हणालं असं काही झालंच नाही, म्हणजे त्यांनाही उत्तर द्यायची गरज उरली नाही. 2019 ला पुलवामात 40 जवान गेले, दोघं आपल्या बुलढाण्याचे, तेव्हा 12 दिवसांनी बालाकोटवर हल्ला. या वेळी विमानं, तीही काश्मीरच्या पलीकडे खैबर पख्तुनख्वात. दुसऱ्या दिवशी त्यांची विमानं आली, आपले वैमानिक अभिनंदन पकडले गेले, आणि त्याच सकाळी बडगामला आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-17 हेलिकॉप्टर पाडलं. त्यात हवाई दलाचे सहा जण आणि खाली एक गावकरी गेला. सहातले एक अधिकारी तुमच्या नाशिकचे होते, तुम्हाला आठवतच असेल. मग पहलगाम, 15 दिवसांनी ऑपरेशन सिंदूर, नऊ ठिकाणं, बहावलपूर आणि मुरीदके म्हणजे थेट त्यांच्या पंजाबात. ते एका रात्रीत संपलं नाही, चार दिवस चाललं, दोन्हीकडून ड्रोन, क्षेपणास्त्रं, आणि 10 मेच्या पहाटे रावळपिंडीच्या नूर खानसकट त्यांचे हवाई तळ.

मला भीती वाटते ती इथेच. गेल्या वेळी जिथे थांबलो तिथून पुढची वेळ सुरू होते. सर्जिकल स्ट्राइक आता कोणाला पुरेसा वाटणार नाही, बालाकोटही वाटणार नाही. 10 मेलाच सरकारी गोटातून सांगितलं गेलं की यापुढचा दहशतवादी हल्ला युद्धच समजला जाईल. ऐकायला भारी वाटतं, पण याचा अर्थ असाही होतो की कधी काय करायचं ते चार बंदूकवाले ठरवणार आणि आपण बांधले जाणार. नोव्हेंबरात दिल्लीच्या स्फोटानंतर सरकारने लगेच विमानं पाठवली नाहीत, आधी तपास केला, ते मला तरी शहाणपणाचं वाटलं. मारायचं की नाही, कधी मारायचं, हे आपल्या हातात राहिलं पाहिजे.

आणि किंमत कोण देतं तेही सांगतो. 7 मेला नियंत्रण रेषेजवळच्या पूंछमध्ये तोफगोळे पडले, डझनाहून जास्त साधी माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. आपण इथे फटाके वाजवत होतो.

शेवटी थांबवलं कोणी? ट्रम्प म्हणतो मी, आपण म्हणतो आम्ही. (वाचक, कोल्हापूर)

तारीखवार सांगतो, निष्कर्ष तुमचा. 10 मेला दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवाया बघणाऱ्या महासंचालकांनी, आपल्या डीजीएमओंना फोन केला आणि संध्याकाळी 5 पासून गोळीबार बंद असं ठरलं. पण आपल्या परराष्ट्र सचिवांनी ते सांगायच्या आधीच ट्रम्प पोस्ट टाकून मोकळे. भारताचं म्हणणं तिसरा कोणी मध्ये नव्हता, पाकिस्तानने मात्र ट्रम्पचे आभार मानले आणि पुढे नोबेलसाठी नावही सुचवलं. अमेरिकेने फोनाफोनी केली असणारच, ते दर वेळी करतात, 1999 ला केली, 2002 ला केली, 2019 ला केली. पण नूर खानवर मारा झाल्यावर पाकिस्तानला थांबायचं होतं आणि आपलं जे करायचं ते करून झालं होतं, हे मुख्य. दोघांनाही घरी जाऊन "आम्ही जिंकलो" म्हणता आलं म्हणून थांबलं, भांडणात दोघांच्या मिशीला पीळ राहिला तरच मिटतं. बाकी श्रेय ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं.

त्या डीजीएमओंच्या हॉटलाइनकडे मात्र कोणी बघत नाही. ती 1971 पासूनची आहे, एरवी साधारण दर मंगळवारी बोलणं होतं, कंटाळवाण्या गोष्टींवर, पण ऐनवेळी कामाला आली ती तीच.

कराची बंदर उडवलं म्हणून आमच्या ग्रुपवर पेढे वाटले, ते खोटं होतं का? आणि आपली विमानं पडली की नाही? (वाचक, जळगाव)

पेढे खाल्ले असतील तर आता परत देऊ नका. हो, कराची बंदरावर नौदलाने हल्ला केल्याची 8 मेच्या रात्रीची बातमी खोटी होती, मोठमोठ्या चॅनलवर चालली तरी खोटीच. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार हा फॉरवर्डही खोटा, सरकारच्या माहिती खात्याने, पीआयबीने, तेव्हाच सांगितलं होतं. विमानांचं म्हणाल तर तेव्हाचे सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांत समन्वय ठेवणारे प्रमुख, जनरल अनिल चौहानांनी 31 मेला सिंगापूरमध्ये नुकसान झाल्याचं मान्य केलं, आकडा दिला नाही, पाकिस्तानचा सहाचा दावा मात्र चूक आहे म्हणाले. आकड्यांवरून ग्रुप सोडू नका.

मुलगा राजौरीकडे पोस्टिंगला आहे. मे महिन्यात चार दिवस फोन लागत नव्हता, टीव्ही बघून जीव जायची वेळ आली. अशा वेळी कुठे विचारायचं? (एक आई, सातारा जिल्हा)

ताई, पहिलं म्हणजे टीव्ही बंद करायचा, खरंच सांगतोय. अशा दिवसांत पुढच्या ठाण्यांवर मोबाइल बंद ठेवायला लावतात, सिग्नलवरून जागा कळते म्हणून, तेव्हा फोन न लागणं हे नेहमीचंच आहे, वाईट खबर नव्हे. वाईट काही झालं तर लष्कर स्वतः घरी कळवतं. सुट्टीवर येईल तेव्हा त्याच्या युनिटच्या वेल्फेअरचा किंवा रेकॉर्ड ऑफिसचा नंबर कागदावर लिहून घ्या, मराठा लाइट इन्फंट्रीत असेल तर ते बेळगावला आहे. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जाऊन बसता येतं, तिथली माणसं फौजेतलीच असतात, समजून घेतात. आणि एक काळजीपोटी सांगतो, त्याच्या पोस्टिंगचं गाव, युनिटचं नाव, निघाल्याची तारीख स्टेटसला टाकू नका, नातेवाइकांनाही सांगा. अभिमान आहे ते कळतं, फोटो साध्या कपड्यांतला लावा.

मुंबईवर अणुबॉम्ब पडू शकतो का? (वाचक, ठाणे)

मुद्दाम कोणी उठून टाकेल असं मला वाटत नाही. आपलं धोरण आधी वापरायचा नाही असं आहे, पाकिस्तानने तसं वचन दिलेलं नाही, उलट नस्रसारखं 60-70 किलोमीटर जाणारं छोटं क्षेपणास्त्र रणांगणासाठी बनवून ठेवलंय, म्हणजे तुमचे रणगाडे आत आले तर बघा. त्यामुळे दोघंही एका मर्यादेखाली खेळतात. आणि भांडण कितीही असो, 1992 पासून दर 1 जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, यांच्यावर हल्ला करायचा नाही म्हणून. 2002 ला सैन्य समोरासमोर होतं तेव्हाही दिली, 26/11 नंतर सव्वा महिन्यातही दिली.

भीती आहे ती चुकून काही होण्याची. 9 मार्च 2022 ला देखभाल चालू असताना आपलं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडलं. वर स्फोटकं नव्हती, माणूस कोणी गेला नाही, आपण चूक मान्य केली, तीन अधिकाऱ्यांना काढलं. शांततेचे दिवस होते म्हणून निभावलं. हेच 9 मे 2025 च्या रात्री झालं असतं तर समोरच्याने आधी चौकशी केली असती का बटणाकडे हात नेला असता? म्हणून ती हॉटलाइन, त्या याद्या, क्षेपणास्त्र चाचणीआधी एकमेकांना कळवायचा करार, या गोष्टी राग असला तरी तोडायच्या नसतात.

सिंधूचं पाणी बंद केलं म्हणतात, खरंच बंद झालं का? (वाचक, सांगली)

नाही. 1960 चा करार स्थगित केलाय, पाणी अडवायला धरण लागतं आणि करारात पाकिस्तानच्या वाट्याला गेलेल्या चिनाब नदीवर कोयनेसारखं 105 टीएमसी पोटात घेणारं आपलं एकही धरण नाही, बगलिहार, सलाल हे वाहत्या पाण्यावर वीज बनवणारे प्रकल्प. कराराखाली पूर-पाण्याची माहिती देणं थांबलं, गाळ काढायचा झाला तर त्यांना विचारायची गरज उरली नाही, इतकं आत्ता होऊ शकतं. बाकीच्याला बरीच वर्षं आणि भरपूर सिमेंट लागेल.

मॉक ड्रिलला भोंगा दोनदा वेगवेगळा वाजला, आमच्या सोसायटीत कोणालाच काही कळलं नाही. (वाचक, उरण)

आवाज वर-खाली होत राहिला की धोका, लाइट बंद करा, काचांपासून लांब व्हा. एकाच पट्टीत लांबलचक वाजला की धोका टळला, बाहेर यायला हरकत नाही. सोसायटीच्या बोर्डावर लिहून लावा, सेक्रेटरी ऐकत नसेल तर स्वतःच लावा.